मनोविकारांचा उलगडा: घटकांपर्यंत उतरावे की जाळे पाहावे?

अनाहत (मूळ लेख)

‘नैराश्य म्हणजे मेंदूतील रसायनांचा असमतोल’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेले असते. रुग्णाला त्याने धीर येतो, कारण दोष त्याच्या स्वभावावरून उठून शरीरावर जातो आणि रक्तदाब किंवा मधुमेह यांच्यासारखाच हाही एक आजार आहे, असे घरच्यांना सांगता येते. हा दिलासा मला मोलाचा वाटतो. मात्र दिलासा म्हणून उपयोगी पडणारे वाक्य उलगडा म्हणूनही खरे ठरते का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो येथे नीट मांडावा असे बरेच दिवस मनात होते.

आधी शब्दांविषयी. एखाद्या गोष्टीचे स्पष्टीकरण तिच्या खालच्या पातळीवरील घटकांत शोधावे, म्हणजे मनाचे मेंदूत, मेंदूचे पेशींत आणि पेशींचे रेणूंत, या भूमिकेला रिडक्शनिझम म्हणतात. मी तिला येथे घटकवाद म्हणतो. घटकांमधील परस्परसंबंध आणि त्या संबंधांतून उभे राहणारे वर्तन हेच स्पष्टीकरणाचे मुख्य ठिकाण मानावे, या भूमिकेला प्रणालीदृष्टी म्हणतो. अधिक चांगले शब्द कोणी सुचवल्यास स्वागत आहे.

घटकवादाचे यश आधी सांगायला हवे, कारण प्रणालीदृष्टीचे पुष्कळ समर्थक ते गाळून पुढे जातात. एकोणिसाव्या शतकात युरोपातील मनोरुग्णालयांत ‘जनरल पॅरेसिस’ या विकाराचे रुग्ण फार मोठ्या संख्येने असत. आपण सम्राट आहोत, आपल्याकडे अमाप संपत्ती आहे असे भ्रम, मग स्मृतिभ्रंश, मग पक्षाघात आणि अखेर मृत्यू, असा त्याचा क्रम असे. १९१३ साली नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे (सिफिलिसचे) जंतू दाखवून दिले. वॅग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये या रुग्णांना मुद्दाम मलेरियाचा ताप आणून उपचार सुरू केले आणि त्यासाठी त्यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे पेनिसिलिन आले आणि हा विकार जवळजवळ दिसेनासा झाला. पेलाग्रा या आजारातील बुद्धिभ्रंश आहारातील नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, हेही असेच उलगडले. आणि या गोष्टी केवळ इतिहासजमा नाहीत. २००७ साली दालमाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मेंदूदाहाचे वर्णन केले, ज्यात शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मेंदूतील एनएमडीए ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरील संदेश टिपणाऱ्या रेणूंवर, हल्ला करतात. पहिल्या वर्णनातील बहुतेक सर्व रुग्ण स्त्रियांना बीजांडकोशात गाठ होती. थोड्याच दिवसांत भ्रम, भास, अस्वस्थता अशी स्थिती होई आणि तिला सहज निव्वळ मनोविकार समजले गेले असते. प्रतिकारशक्तीवरील उपचारांनी आणि गाठ काढल्याने यांतील अनेक रुग्ण सुधारतात. असा एक जरी रुग्ण ‘परिस्थितीचा ताण आहे’ म्हणून परत पाठवला गेला, तर ती प्रणालीदृष्टीची नव्हे, निष्काळजीपणाची बाब ठरेल.

आता या यशाची अट पाहू. क्षयरोगात खोकला, ताप आणि वजन घटणे ही तिन्ही लक्षणे एका जंतूमुळे होतात. खोकल्यामुळे ताप येत नाही. जंतू गेला की तिन्ही लक्षणे जातात, कारण त्यांना एकत्र बांधणारा धागा त्यांच्या मागे असतो. नैराश्यात असे दिसते का? झोप उडते, म्हणून दुसऱ्या दिवशी लक्ष लागत नाही; लक्ष लागत नाही म्हणून कामे तुंबतात; तुंबलेल्या कामांमुळे आपण नालायक आहोत असे वाटू लागते; आणि ती टोचणी रात्री पुन्हा झोपू देत नाही. येथे प्रत्येक लक्षण पुढच्याचे कारण आहे. डेनी बोर्सबूम, अँजेलिक क्रेमर आदी संशोधकांनी २०१० पासून हीच कल्पना जाळ्याच्या गणिती भाषेत मांडली, आणि २०१९ मधील एका दीर्घ निबंधात असा दावा केला की लक्षणे जर एकमेकांना अशी धरून ठेवत असतील, तर ‘मनोविकार हे मेंदूचे विकार आहेत’ हे विधान सर्वसाधारण सत्य म्हणून टिकत नाही.

हा दावा नीट समजण्यासाठी पॅनिकचा झटका अगदी जवळून पाहावा. जिना चढताना एखाद्याच्या छातीत धडधडते. एरवी त्याने दुर्लक्ष केले असते, पण आज मनात येते, ‘हा हृदयविकाराचा झटका तर नाही?’ भीतीने ॲड्रेनॅलिन वाढते, त्यामुळे धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड त्या शंकेला पुरावा पुरवते. श्वास जलद होतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि प्रत्येक नवी संवेदना ‘आता आपण मरणार’ या निष्कर्षात भर घालते. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये या चक्राचे वर्णन केले आणि त्यावर आधारलेली उपचारपद्धती आज प्रस्थापित आहे. येथे हृदय निरोगी असते. ॲड्रेनॅलिन आपले काम चोख करत असते. धोका जाणवला की घाबरणे हाही मेंदूचा दोष नव्हे. मग आजार कुठे आहे? तो त्या वर्तुळात आहे, आणि वर्तुळाचा एक सांधा म्हणजे ‘या धडधडीचा अर्थ काय’ याविषयीची समजूत आहे. ती समजूतही मेंदूतच घडते, हे मला मान्य आहे. परंतु ती कशाविषयी आहे हे कळल्याशिवाय पुढची पायरी कळत नाही, आणि ते ‘कशाविषयी’ पेशींच्या वर्णनात सापडत नाही.

शेवटचा मुद्दा निदानाचा. अमेरिकेतील प्रचलित निदानपुस्तिकेनुसार तीव्र नैराश्याच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच हवीत, आणि त्यांत उदास मनःस्थिती किंवा रस नाहीसा होणे यांपैकी एक तरी हवे. हिशोब केला तर ही अट २२७ वेगवेगळ्या लक्षणसंचांनी पूर्ण होते, आणि दोन रुग्णांत फक्त एकच लक्षण समान असूनही दोघांचे निदान एकच असू शकते. हे केवळ कागदावरचे गणित नाही. २०१५ मध्ये फ्रीड आणि नेसे यांनी एका मोठ्या उपचार-चाचणीतील ३,७०३ रुग्णांची नोंद तपासली, तेव्हा त्यांना १,०३० वेगवेगळे लक्षणसंच आढळले. इतक्या भिन्न अवस्थांच्या मुळाशी एकच बिघडलेला घटक असेल, हे मानणे मला कठीण जाते.

जाणकारांची मते वाचायला आवडतील.

निदान (प्रतिसाद)

अनाहत, मांडणी मनापासून आवडली, विशेषतः घटकवादाचे यश आपण आधी सांगितलेत म्हणून. मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि माझे काही आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप असा, की आपण ज्या घटकवादाशी वाद घालत आहात तो शास्त्रापेक्षा जाहिरातींत अधिक होता. जोसेफ शिल्डक्राउट यांनी १९६५ मध्ये कॅटेकोलामाइन ही मेंदूतील संदेशवाहक रसायने आणि नैराश्य यांचा संबंध सुचवणारा जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातच त्यांनी ही कल्पना फार तर एका अत्यंत गुंतागुंतीच्या जैविक अवस्थेचे अतिसुलभीकरण असल्याचे नमूद केले होते. नंतरच्या काळात ती सावधगिरी गळून पडली. २०२२ मध्ये मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध आढाव्यांचा आढावा घेऊन, सेरोटोनिन या अशाच रसायनाच्या कमतरतेमुळे नैराश्य येते याला सातत्यपूर्ण पुरावा नाही असे दाखवले, तेव्हा लोकांना धक्का बसला. व्यवसायातील अनेकांना मात्र त्यात नवे काही वाटले नाही.

परंतु यावरून औषधे निरुपयोगी आहेत असा जो निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे आणि धोकादायकही आहे. चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण यांचा एकत्रित अभ्यास केला, त्यात तपासलेली सर्व २१ नैराश्यविरोधी औषधे बनावट गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक माफक होता, तरी तो होता. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून शरीरात पॅरासिटामॉल कमी पडले होते असे कोणी म्हणत नाही. औषध का लागू पडते आणि आजार का झाला, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. हे वाचून कोणी आपल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, ही कळकळीची विनंती. काही औषधे एकदम थांबवल्यास त्रास उलटतो.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. पोटातील व्रण हा कित्येक दशके ताण, स्वभाव आणि आहार यांच्या गुंतागुंतीतून होणारा आजार मानला जात होता. म्हणजे आजच्या भाषेत तो एक जाळेच होता. वॉरेन आणि मार्शल यांनी १९८० च्या दशकात हेलिकोबॅक्टर हा जंतू दाखवला आणि त्या जाळ्याचा मोठा भाग विरून गेला. त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. आपल्याला कारण सापडत नाही, तेव्हा ‘कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत’ असे म्हणणे नेहमीच शक्य असते. हे ज्ञान आहे की अज्ञानाला दिलेले भारदस्त नाव आहे, हे आपण कसे ओळखणार? नैराश्य म्हणून आलेल्या रुग्णाची मी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासतो. प्रणालीदृष्टीने माझी ही सवय मोडू नये एवढी अपेक्षा आहे.

सांख्यिक (प्रतिसाद)

डॉक्टरांनी विचारलेल्या ‘कसे ओळखणार’ या प्रश्नाला संख्याशास्त्राच्या बाजूने काही उत्तर देता येईल असे वाटते.

व्रणासारखा एकच जंतू लपलेला असेल, तर शोध जसजसा सूक्ष्म होतो तसतसे चित्र सोपे व्हायला हवे. स्किझोफ्रेनियाच्या जनुकीय अभ्यासात याच्या उलट घडले. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे ठाऊक होते, म्हणून मोजकी जनुके सापडतील अशी आशा होती. २०१४ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जनुकसंचातील १०८ ठिकाणे सापडली आणि २०२२ च्या अभ्यासात ती २८७ झाली. यांतील बहुतेक प्रत्येकाचा एकट्याचा परिणाम अगदी लहान आहे. नैराश्याच्या बाबतीत तर अधिक कटू अनुभव आला. सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा एक प्रकार आणि आयुष्यातील आघात मिळून नैराश्याची शक्यता वाढवतात, असे २००३ च्या एका गाजलेल्या निबंधात मांडले गेले आणि त्यावर शेकडो निबंध उभे राहिले. २०१९ मध्ये बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी अशा १८ बहुचर्चित जनुकांची फार मोठ्या नमुन्यावर तपासणी केली, तेव्हा ती कोणत्याही सहज निवडलेल्या जनुकांपेक्षा वेगळी ठरली नाहीत. सूक्ष्मदर्शकाची ताकद वाढवत नेली तरी जंतू दिसत नाही, उलट शेकडो बारीक धागे दिसतात, तेव्हा कदाचित तेथे जंतू नसावाच, असे मानण्यास आधार मिळतो.

आता हाच निकष प्रणालीदृष्टीलाही लावणे न्याय्य होईल. लक्षणांच्या जाळ्यांवरील सुरुवातीचे बहुतेक अभ्यास हजारो माणसांना एकाच दिवशी प्रश्नावली देऊन केलेले आहेत. त्यातून निघणारी रेष ही माणसामाणसांतील फरकाची असते, एका माणसात काळाबरोबर काय घडते त्याची नसते. उदाहरण पाहा. शंभर जणांची माहिती घेतली तर झोपेच्या गोळ्या घेणारे लोक इतरांपेक्षा कमी झोपतात असे दिसेल, कारण झोप न येणारेच गोळी घेतात. एकाच माणसाच्या शंभर रात्री पाहिल्या तर गोळी घेतलेल्या रात्री तो अधिक झोपलेला दिसेल. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही रेषांची दिशा उलट आहे. पहिल्या प्रकारच्या माहितीवरून दुसऱ्या प्रकारचे निष्कर्ष काढले गेले. शिवाय वेगवेगळ्या नमुन्यांत जाळ्याचा आकार तोच राहतो का, यावरही २०१७ मध्ये मोठा वाद झाला.

मला ज्या अभ्यासाने खरोखर विचारात पाडले तो एका माणसाचा आहे. मारीके विखर्स आणि पेटर ग्रोट यांनी २०१६ मध्ये तो प्रसिद्ध केला. नैराश्याचा पूर्वेतिहास असलेला ५७ वर्षांचा एक पुरुष आपले औषध हळूहळू कमी करत होता, आणि या काळात २३९ दिवस, दिवसातून दहा वेळांपर्यंत, आपल्या मनःस्थितीची नोंद करत होता. नैराश्य परतण्याच्या आधी त्याच्या नोंदींत एक विशिष्ट बदल दिसला: मन एकदा खाली गेले की ते पूर्वपदावर यायला अधिकाधिक वेळ घेऊ लागले. तळ्यातील परिसंस्था कोलमडण्यापूर्वी हीच संथता दिसते असे परिसंस्थांचे अभ्यासक सांगतात. एका माणसावरून सिद्धांत उभा राहत नाही, आणि पुढे हा इशारा प्रत्येकात दिसेलच असेही नाही. पण ही प्रणालीदृष्टीची खरी भाकिते आहेत: ती चुकू शकतात, म्हणून ती तपासता येतात.

कुतूहल (प्रतिसाद)

फार उपयुक्त चर्चा. मला एवढेच विचारायचे आहे की उपचाराच्या वेळी या दोन दृष्टींनी नेमका काय फरक पडतो? जाळे आहे असे मान्य केले, तरी हात कुठेतरी एकाच ठिकाणी घालावा लागणार.

अनाहत (प्रतिसाद)

कुतूहल, नेमका तोच फरक पडतो: हात कुठे घालायचा याचे पर्याय वाढतात. २०१७ मध्ये डॅनियल फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी निद्रानाश असलेल्या ३,७५५ विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना ऑनलाइन पद्धतीने निद्रानाशावरील वर्तनोपचार दिला गेला. त्यांची झोप सुधारली, हे अपेक्षितच होते; पण त्यांच्या संशयग्रस्ततेत आणि भासांतही घट झाली, जरी त्यांवर कोणी काही उपचार केला नव्हता. झोपेचे बिघडणे हे मनोविकाराचे केवळ परिणामस्वरूप लक्षण असते, तर ते दुरुस्त केल्याने बाकीच्या लक्षणांना हलण्याचे कारण नव्हते.

डॉक्टर, आपल्या दुसऱ्या आक्षेपाने मला थांबून विचार करावा लागला. ‘सगळे सगळ्याशी जोडलेले आहे’ हे वाक्य स्पष्टीकरण नव्हे, हे मी पूर्णपणे मान्य करतो. जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये जैविक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही अंगांचा विचार करणारे प्रारूप मांडले, तेव्हा तो मोठा विचार होता. परंतु पुढे अनेक ठिकाणी त्याची यादी झाली. तिन्ही रकान्यांत काही ना काही लिहायचे आणि त्यांचा एकमेकांशी संबंध काय हे सांगायचेच नाही. माझ्या मते प्रणालीदृष्टीने बोलणाऱ्याने तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत: कोणता दुवा, कोणत्या दिशेने, आणि तो तोडल्यास काय बदललेले दिसेल. हे सांगता येत नसेल तर त्याने थायरॉइड तपासणाऱ्या डॉक्टरांना उपदेश करू नये.

मंत्रचळाचे, म्हणजे ओसीडीचे, उदाहरण मला येथे सर्वांत बोलके वाटते. हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्या माणसाला धुतल्यावर क्षणभर बरे वाटते, आणि ते बरे वाटणेच पुढच्या धुण्याची तयारी करते. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये अशा रुग्णांना अस्वच्छ वाटणाऱ्या वस्तूला हात लावायला लावून धुण्यापासून रोखण्याचा उपचार प्रसिद्ध केला, म्हणजे त्यांनी वर्तुळाचा एक दुवा वर्तनाच्या पातळीवर तोडला. १९९२ मध्ये बॅक्सटर आणि सहकाऱ्यांनी मंत्रचळाच्या काही रुग्णांना फ्लुओक्सेटिन हे नैराश्यविरोधी औषध आणि काहींना वर्तनोपचार दिला, आणि उपचारांपूर्वी व नंतर मेंदूची प्रतिमा घेतली. ज्यांना गुण आला त्यांच्या मेंदूतील कॉडेट या भागातील ग्लुकोजचा वापर दोन्ही उपचारांनी घटलेला दिसला. एकाने गोळी घेतली, दुसऱ्याने हात धुणे रोखून धरले, आणि दोघांच्याही कॉडेटमध्ये बदल झाला. या प्रयोगात घटकवाद हरला असे मी म्हणणार नाही, कारण तो बदल पाहायला घटकवाद्यांचेच यंत्र लागले. मात्र कारणाचा प्रवास फक्त खालून वर होतो, हे गृहीतक त्यानंतर मला धरून ठेवता आले नाही.

मैत्रेयी (प्रतिसाद)

मी या विषयाची अभ्यासक नाही. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर विकार आहे, म्हणजे त्याचे मन काही काळ टोकाचे वर आणि काही काळ टोकाचे खाली जाते, आणि गेली अकरा वर्षे मी त्याची शुभंकर, म्हणजे काळजी घेणारी, आहे. मला दोन्ही बाजूंविषयी काही सांगायचे आहे.

घटकवादाविषयी मला कृतज्ञता वाटते, आणि तिचे नाव लिथियम आहे. जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा उपयोग प्रसिद्ध केला, हे मी नंतर वाचले. एक साधा क्षार, ज्याची रक्तातील पातळी वेळोवेळी तपासावी लागते, कारण औषध आणि विष यांच्यात अंतर थोडे असते. त्या क्षाराने माझा भाऊ मला परत दिला. तो नेमका कसा काम करतो यावर अजूनही एकमत नाही, असे आमचे डॉक्टर सांगतात. मला ते कळले नाही तरी चालते.

आता दुसरी बाजू. प्रणाली हा शब्द ऐकला की माझ्या मनात पहिल्यांदा भीती उभी राहते, आणि ती का ते या धाग्यावरील सर्वांनी समजून घ्यावे. भाऊ पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा एका समुपदेशकाने आईला समोर बसवून सांगितले, की घरातील संवादाची पद्धत बिघडली की एखादे मूल ती आजाराच्या रूपाने व्यक्त करते. आई त्या दिवसापासून भावाशी बोलताना प्रत्येक वाक्याआधी थांबू लागली. पुढे वाचनात आले की १९४८ मध्ये फ्रॉम-राइशमान यांनी ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’ अशी कल्पना वापरली होती, आणि १९५६ मध्ये बेटसन आणि सहकाऱ्यांनी कुटुंबातील परस्परविरोधी संदेशांतून स्किझोफ्रेनिया कसा घडतो याचा सिद्धांत मांडला होता. ती प्रणालीदृष्टीच होती. तिला पुरावा मिळाला नाही, पण तोवर किती घरांतील आयांनी ते ओझे वाहिले असेल. प्रणालीचा एक घटक नेहमी आई असते, आणि बोट तिच्याकडे सर्वांत आधी वळते.

तरीही मी प्रणालीदृष्टी नाकारू शकत नाही, कारण ती माझ्या वहीत आहे. पहिल्या मोठ्या झटक्यानंतर मी एक वही घातली. तिच्यात तीन रकाने आहेत: झोपेचे तास, गोळ्या घेतल्या की नाही, आणि मनःस्थिती उणे पाच ते अधिक पाच या मापावर. भाऊ स्वतः आकडा सांगतो, मी लिहिते. तिसऱ्या वर्षी मागची पाने चाळताना लक्षात आले, की मन वर जाण्याच्या प्रत्येक वेळी आधीच्या दोन-तीन रात्री झोप चार-पाच तासांवर आलेली होती, आणि त्या रात्रींचा मनःस्थितीचा आकडा मात्र अधिक एक किंवा अधिक दोन, म्हणजे अगदी ‘छान’ होता. आम्ही त्याला आनंदाचे दिवस समजत होतो. आता सलग दोन रात्री झोप पाच तासांखाली गेली, की आम्ही डॉक्टरांना फोन करतो, संध्याकाळनंतरचे कार्यक्रम रद्द करतो आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवतो. कमी झोप हे येणाऱ्या झटक्याचे लक्षण आहे की कारण, हे मला ठरवता आलेले नाही. ती दोन्ही आहे असे मला वाटते.

निदान (प्रतिसाद)

मैत्रेयीताई, आईंच्या बाबतीत जे घडले ते घडायला नको होते. आमच्या व्यवसायाने कुटुंबांना जी जखम केली, तिची पुरेशी कबुली आम्ही दिलेली नाही, आणि ती येथे द्यावीशी वाटते.

कमी झोप कारण की लक्षण, हा तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि ‘दोन्ही’ हे उत्तर माझ्या मते बरोबर आहे. उन्मादाच्या, म्हणजे मन टोकाचे वर जाण्याच्या झटक्याच्या, सुरुवातीला झोपेची गरज कमी होते, आणि ज्याला हा विकार आहे त्याची झोप अन्य कारणाने मोडली तरी उन्माद सुरू होऊ शकतो. अनाहत यांनी मागितलेल्या तिन्ही गोष्टी, म्हणजे दुवा, दिशा आणि तोडल्यावर दिसणारा बदल, तुमच्या वहीत आहेत. माझ्या आक्षेपाचे उत्तर मला तेथे अधिक चांगले मिळाले. एक भर घालतो: लिथियमही त्याच जाळ्यात आहे. ते जाळ्याबाहेरून आलेले अंतिम कारण नाही. बहुधा तुमच्या भावाची झोप मोडण्याचा आणि उन्माद उसळण्याचा सांधा ते घट्ट होऊ देत नसावे.

एक सूचना करतो, आणि ती दोषारोप म्हणून घेऊ नये. ब्राउन, लेफ आणि व्हॉन यांच्या १९७० च्या दशकातील अभ्यासांत असे आढळले, की स्किझोफ्रेनियाच्या ज्या रुग्णांच्या घरी टीका, वैरभाव किंवा अतिरेकी गुंतणूक अधिक होती, त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण जास्त होते. बायपोलर विकारातही पुढे तसेच दिसले. बेटसन यांच्या सिद्धांतापेक्षा हा दावा पूर्णपणे वेगळा आहे. घरामुळे आजार होतो असे तो म्हणत नाही. आजारी माणसासोबत राहताना थकलेल्या घरात चिडचिड वाढते, ती रुग्णाला लागते, रुग्ण बिघडतो आणि घर आणखी थकते, असे ते वर्तुळ आहे, आणि कुटुंबासोबत केलेल्या कामाने आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते असे चाचण्यांत दिसले आहे. तुमच्या वहीत चौथा रकाना घालता येईल का, याचा विचार करा. तो तुमच्या थकव्याचा असावा.

सांख्यिक (प्रतिसाद)

डॉक्टरांच्या सूचनेला एक तांत्रिक पुस्ती. मैत्रेयीताई, चौथा रकाना भावाचा आकडा ऐकण्याआधी भरा. आधी त्याचे उणे तीन ऐकले आणि मग आपला थकवा लिहिला, तर दोन्ही आकडे एकमेकांत मिसळतील आणि कोणाचा कोणावर परिणाम होतो हे नंतर कळणार नाही. वेळही रोज तीच ठेवा.

मैत्रेयी (प्रतिसाद)

डॉक्टर, सांख्यिक, दोघांचेही आभार. चौथा रकाना परवापासून सुरू केला आहे. मी तो रात्री साडेनऊला, भावाला विचारण्याआधी भरते. आईने विचारले की हे काय, तेव्हा तिला समजावून सांगितले. तिने वही हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली की मग माझाही एक रकाना असू दे. आता पाच रकाने आहेत. आईचा काल रात्रीचा आकडा उणे चार होता. अकरा वर्षांत तो आम्ही कोणी विचारलेला नव्हता.